विल्यम पेन व शॅकामॅक्सनचा तह

इतिहासाच्या पुस्तकांत आपण जितके तह वाचतों, तितकेच तहभंगही वाचतों. पुरंदर, सालबाई, वसई हीं नांवें परीक्षेसाठीं पाठ करतांना त्यांच्याखालीं कोणाच्या सह्या व शिक्के झाले तें आपण लक्षांत ठेवितों, आणि पुढच्याच प्रकरणांत पुनः तरवारी कशा उपसल्या गेल्या तेंही लक्षांत ठेवितों. ज्या तहाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों, त्याचा कागद कोणाजवळही नाहीं; तो कोणत्या दिवशीं झाला याविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं; आणि त्यांत शपथही नव्हती, कारण शपथ घेणें हें तह करणाऱ्या एका पक्षाच्या धर्ममतांत बसत नव्हतें. असें असूनही तो सुमारें सत्तर वर्षें टिकला. तो करणाऱ्या पुरुषाचें नांव विल्यम पेन.

पेनचा जन्म लंडन शहरीं १४ ऑक्टोबर १६४४ रोजीं झाला. बाप आरमारांतील मोठा अधिकारी. पुढें तो ॲडमिरल सर विल्यम पेन या नांवानें प्रसिद्धीस आला, आणि १६५५ सालीं स्पेनच्या ताब्यांतील जमेका बेट इंग्रजांनीं घेतलें तेव्हां त्या आरमाराचा नायक तोच होता. अशा बापाच्या वारसानें राजदरबारीं मानमरातब मिळवावा, ही त्याची इच्छा असल्यास नवल नाहीं. परंतु मुलाचें मन लहानपणापासूनच निराळ्या वाटेनें चाललें होतें. आयर्लंडांत वडिलांच्या जहागिरीवर असतां त्यानें टॉमस लो नांवाच्या एका फिरत्या उपदेशकाचें भाषण ऐकलें, आणि तें त्याच्या मनांत रुजून राहिलें. १६६० मध्यें तो ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यासास गेला; पण राजमान्य उपासनापद्धति न पाळल्याबद्दल दोन वर्षांतच त्याला तेथून काढून टाकण्यांत आलें. घरीं येतांच बापानें त्याला मारलें व घराबाहेर घातलें. पुढें राग शांत झाल्यावर त्याची रवानगी फ्रान्स देशास झाली. तेथून तो दरबारी पोषाख व दरबारी रीतभात शिकून परतला, तेव्हां बापाचा जीव खालीं पडला.

या काळांतील एक चित्र आजही पहावयास मिळतें. त्यांत बावीस वर्षांचा पेन अंगांत लोखंडी चिलखत घालून उभा आहे. १६६६ त आयर्लंडांतील कॅरिकफर्गस येथें शिपायांचें बंड झालें होतें. तें मोडण्याच्या कामीं त्यानें भाग घेतला, शौर्याबद्दल वाहवा मिळविली, आणि आपण शिपाईच व्हावें असें त्याला मनापासून वाटूं लागलें. शांततेचा पुरस्कार करणारे सारेच जन्मतः भित्रे असतात, अशी समजूत करून घेणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें चित्र अवश्य पहावें.

पुढच्याच वर्षीं कॉर्क शहरीं टॉमस लो पुनः भेटला, आणि पेन कायमचा मित्रसमाजांत गेला. या समाजाला लोक क्वेकर म्हणत. जॉर्ज फॉक्स यानें कांहीं वर्षांपूर्वींच तो स्थापन केला होता. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वराचा प्रकाश आहे, हें त्यांचें मूलतत्त्व. म्हणून ते वेगळा पुरोहितवर्ग मानीत नसत, राजासमोरही टोपी काढीत नसत, राजाशीं व रस्त्यावरील हमालाशीं सारख्याच एकेरी भाषेंत बोलत. शपथ घेत नसत, कारण रोजचें बोलणें सत्य असेल तर शपथेचें प्रयोजन काय? आणि ज्याच्या ठिकाणीं तो प्रकाश आहे अशा मनुष्यावर शस्त्र उगारणें त्यांना पाप वाटे. गिरिप्रवचनांतील शिकवण ते अक्षरशः पाळूं पाहत. या अपराधाबद्दल इंग्लंडांतील तुरुंग त्यांनीं भरून गेले होते.

पेनलाही तुरुंगाची ओळख लौकरच झाली. १६६८ मध्यें एका पुस्तकाबद्दल त्याला लंडनच्या टॉवर किल्ल्यांत डांबलें. तेथें त्यानें दुसरें पुस्तक लिहिलें! पण त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें तें १६७० च्या खटल्यानें. ऑगस्ट महिन्यांत ग्रेसचर्च रस्त्यावरील क्वेकरांचें उपासनागृह सरकारनें बंद केलें, तेव्हां पेननें बाहेर रस्त्यावरच उपदेश केला. त्याला व विल्यम मीड यास पकडून दंगलीच्या आरोपावरून न्यायालयापुढें उभें केलें. शिपायानें त्यांच्या टोप्या आधींच काढल्या होत्या. न्यायाधिशांनीं त्या पुनः डोक्यावर ठेवावयास लावल्या, आणि मग टोपी न काढल्याबद्दल दोघांस दंड केला. बारा ज्यूरर बसले होते. त्यांनीं पेनला दंगलीचा गुन्हेगार ठरविण्याचें साफ नाकारलें. त्यांना दोन रात्री अन्न, पाणी व शेकोटी यांवांचून कोंडून ठेवलें, धमक्या दिल्या. तरी निकाल बदलेना. शेवटीं सर्वांना दंड झाला. त्यांपैकीं एडवर्ड बुशेल व आणखी तिघे दंड न भरतां तुरुंगांत गेले, आणि वरिष्ठ न्यायाधीश व्हॉन यानें निर्णय दिला कीं दिलेल्या निकालाबद्दल ज्यूररांस शिक्षा करतां येत नाहीं. आजही इंग्रजी कायद्यांत या निर्णयाचा हवाला दिला जातो. पेन सुटला तो बापानें गुपचूप दंड भरल्यामुळें. बाप त्या वेळीं मृत्युशय्येवर होता. मुलाशीं त्याचें मन अखेरीस मिळालें होतें, आणि थोड्याच दिवसांत तो वारला.

बापाच्या मागें एक विलक्षण ठेव राहिली होती. दुसऱ्या चार्ल्स राजाकडे त्याचे १६,००० पौंड येणें होतें. राजाच्या तिजोरींत पैसा नसे, पण समुद्रापलीकडील जमीन मुबलक होती, आणि ती देऊन टाकण्यांत हा राजा मोठा उदार. आमची मुंबई त्याला लग्नांत आंदण मिळाली, ती त्यानें १६६८ त वार्षिक दहा पौंड भाड्यानें कंपनीच्या स्वाधीन केली, हें आपण जाणतोंच. त्याच राजानें ४ मार्च १६८१ रोजीं डेलावेअर नदीच्या पश्चिमेचा अफाट अरण्यप्रदेश पेनला दिला, आणि भाडें म्हणून वर्षास बीव्हर नांवाच्या प्राण्याचीं दोन कातडीं ठरविलीं. प्रदेशाचें नांव राजानें ॲडमिरलच्या स्मरणार्थ पेनसिल्व्हेनिया, म्हणजे पेनचें अरण्य, असें ठेविलें. लोक हें अहंकारानें ठेविलेलें नांव समजतील, या भीतीनें पेननें तें बदलण्यासाठीं खूप धडपड केली, कारकुनाला पैसेही देऊं केले. पण राजा ऐकेना.

येथें मुख्य प्रश्न उत्पन्न होतो. राजानें जी भूमि दिली ती राजाची होती काय? तेथें लेनापे नांवाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते; शेती, मासेमारी व शिकार करीत होते. उत्तरेस न्यू इंग्लंडांत १६७५-७६ सालीं गोऱ्या वसाहतवाल्यांत व मूळ रहिवाशांत भयंकर युद्ध होऊन गांवेंच्या गांवें जळालीं होतीं. दक्षिणेस व्हर्जिनियांत त्याच सुमारास रक्तपात झाला होता. नव्या प्रदेशांतही तेंच होईल असें कोणीही म्हटलें असतें. पेननें राजाची सनद हातीं असतांना जमीन खऱ्या मालकांकडून पुनः विकत घेण्याचें ठरविलें. स्वतः निघण्यापूर्वीं, ऑक्टोबर १६८१ मध्यें, त्यानें लेनापे लोकांस एक पत्र पाठविलें. आमच्या लोकांनीं तुमच्यावर अन्याय केले हें मला ठाऊक आहे, राजानें प्रांत दिला असला तरी तुमच्या प्रेमानें व संमतीनेंच मला तेथें राहावयाचें आहे, असा त्याचा आशय होता.

केवळ गोड पत्रानें शांतता राहत नाहीं, हें पेनला तुरुंगांनीं शिकविलें असावें. म्हणून जमीन घेणाऱ्या वसाहतवाल्यांशीं त्यानें त्याच वर्षीं ज्या अटी ठरविल्या, त्या आम्हांस त्या पत्राहूनही महत्त्वाच्या वाटतात. मूळ रहिवाशाचें कोणी नुकसान केल्यास तें गोऱ्या शेजाऱ्याचें नुकसान केल्याप्रमाणेंच शिक्षेस पात्र होईल. त्यांना विकावयाचा माल उघड्या बाजारांत आणून पारखून घेतला जाईल, म्हणजे खोटा माल त्यांच्या गळ्यांत बांधतां येणार नाहीं. आणि दोन्ही पक्षांत तंटा झाल्यास बारा माणसें बसून तो तोडतील. त्यांपैकीं सहा वसाहतवाले व सहा मूळ रहिवासी! आपल्याकडे पंचांमुखीं परमेश्वर म्हणतात; पण ज्यांचा तंटा त्या दोन्ही जातींचे पंच सारख्या संख्येनें बसविण्याची कल्पना त्या काळीं अमेरिकेंतील गोऱ्यांस अगदीं नवीन होती. पुढें कायदा करून मूळ रहिवाशांस दारू विकण्यासही बंदी केली. ही बंदी नीट पाळली गेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. नफ्याच्या लोभापुढें कायदा तेथेंही दुबळा ठरला.

१६८२ च्या ऑगस्टच्या अखेरीस पेन ‘वेलकम’ जहाजानें निघाला. जहाजावर सुमारें शंभर उतारू होते. वाटेंत देवीची साथ उद्भवून त्यांपैकीं तीसेक दगावले. पेननें स्वतः रोग्यांची शुश्रूषा केली. ऑक्टोबर महिन्याच्या शेवटीं जहाज डेलावेअर नदींत शिरलें.

यानंतर तो प्रसिद्ध प्रसंग झाला. नदीकांठीं शॅकामॅक्सन नांवाचें लेनापे लोकांचें गांव होतें, आणि तेथें एल्म जातीचा एक विशाल वृक्ष होता. त्याच्या छायेंत पेन व लेनापे यांचे पुढारी एकत्र बसले; त्यांच्यांत टॅमॅनेंड हा वृद्ध नायक मुख्य होता, अशी परंपरा आहे. कोणी १६८२ ची अखेर म्हणतात, कोणी १६८३ चा उन्हाळा. बेंजामिन वेस्ट या चित्रकारानें जवळजवळ नव्वद वर्षांनंतर या प्रसंगाचें मोठें चित्र काढलें, आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तेंच असतें. पण त्यांतील पेन फारच लठ्ठ व वयस्क आहे. खरा पेन तेव्हां अडतीस वर्षांचा, चपळ गडी होता. लेनापे तरुण उड्या मारण्याचा खेळ खेळत असतां तोही उठून खेळांत मिसळला, असें सांगतात. इतकें मात्र त्याच्या स्वतःच्या पत्रावरून नक्की आहे कीं, दुभाष्याची गरज पडूं नये म्हणून तो त्यांची भाषा शिकला, आणि ती त्याला फार गोड वाटली. त्यांच्या सभेंत एकजण बोलत असतां दुसरा मध्यें बोलत नाहीं, हें पाहून त्याला मोठें कौतुक वाटलें. आमच्या वक्तृत्वसभेचे सभासद हें वाक्य वाचतील अशी आशा आहे.

या तहाची कीर्ति युरोपभर पसरली. फ्रान्सचा व्होल्तेर, जो कोणाची सहसा स्तुति करीत नसे, त्यानेंही त्याची वाखाणणी केली. परंतु सर्व श्रेय एकट्या पेनला देण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. लेनापे लोक पेन येण्यापूर्वीं चाळीसहून अधिक वर्षें स्वीडिश व डच वसाहतवाल्यांशेजारीं बहुतेक सलोख्यानें राहिले होते. शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे देऊन वचन पक्कें करावयाचें, आणि ठराविक काळानें पुनः भेटून त्या वचनाला उजाळा द्यावयाचा, ही पद्धत त्यांचीच. आपण एकदां करार करून तो पेटींत ठेवितों. ते लोक मैत्री ही वारंवार घासून चकचकीत करावयाची सांखळी समजत. पेनचा मोठेपणा हा कीं तो त्यांच्या पद्धतीनें बसला.

आणि आपसांतील तंट्यांचें काय? मित्रसमाजाचा नियम असा होता कीं, दोन मित्रांत वाद झाल्यास प्रथम त्यांनीं एकमेकांस भेटावें, मग दोनचार शहाण्यांस बरोबर घ्यावें, मग सभेपुढें यावें. थेट कचेरींत धांव घेऊं नये. हीच रीत पेनच्या वसाहतीनें सर्वांसाठीं कायद्यांत आणिली. १६८३ च्या कायद्यान्वयें प्रत्येक न्यायालयानें तीन शांतिकर्ते नेमावयाचे, आणि त्यांनीं केलेली तडजोड न्यायालयाच्या निकालाइतकीच बंधनकारक असावयाची. फांशीची शिक्षा केवळ खून व राजद्रोह या दोनच अपराधांस ठेविली. एकदां एका स्वीडिश शेतकऱ्याच्या बायकोवर चेटकाचा आरोप आला. पेन स्वतः अध्यक्षस्थानीं होता. ज्यूरींनीं निकाल दिला कीं ती चेटकी असल्याची गांवांत बोलवा आहे एवढें खरें, पण आरोपांत म्हटल्याप्रमाणें ती दोषी नाहीं. नवऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेऊन तिला घरीं पाठविलें. त्याच्या आठ वर्षांनंतर, १६९२ त, मॅसॅच्युसेट्‌स प्रांतांत सेलम येथें अशाच आरोपांवरून एकोणीस माणसांस फांशीं दिलें.

दोन नद्यांमध्यें सरळ रस्त्यांचें फिलाडेल्फिया शहर उभें राहिलें. त्याच्या नांवाचा अर्थ बंधुप्रेम. त्याला तट नव्हता व प्रांताला फौज नव्हती.

१६८४ त सरहद्दीच्या वादासाठीं पेनला इंग्लंडास परतावें लागलें, आणि मग पंधरा वर्षें तो येऊं शकला नाहीं. दुसरा जेम्स राजा त्याचा मित्र. या मैत्रीच्या जोरावर त्यानें १६८६ मध्यें हजाराहून अधिक क्वेकरांस तुरुंगांतून सोडविलें. पण १६८८ त राजा पदच्युत झाल्यावर हीच मैत्री त्याच्या गळ्यास फांस झाली. राजद्रोहाचा आळ आला, लपून रहावें लागलें, प्रांताचा कारभारही कांहीं काळ गेला. याच विपत्तींत त्यानें १६९३ सालीं युरोपच्या शांततेविषयीं एक छोटासा निबंध लिहिला. सर्व राज्यांनीं मिळून एक सभा स्थापावी, तंटे रणांगणावर न नेतां तेथें तोडावे, आणि मानापमानाचा प्रश्न उठूं नये म्हणून सभागृह वाटोळें करून त्याला पुष्कळ दारें ठेवावीं, अशी त्याची सूचना होती. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ निघाला तेव्हां अनेकांना या निबंधाची आठवण झाली.

पेनची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्यानें लेनापे लोकांत ईश्वराचा प्रकाश पाहिला, त्याच्याच पेन्सबरी येथील वाड्यांत आफ्रिकन गुलाम राबत होते. १६८८ मध्यें जर्मनटाउन गांवच्या चार साध्या माणसांनीं गुलामगिरीच्या निषेधाचा लेख मित्रसमाजापुढें ठेविला, तो समाजानें बाजूस सारला. फिलाडेल्फियाच्या मित्रांनीं आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ सालीं. चांगल्या माणसाच्याही डोळ्यांवर कोठें ना कोठें झांपड असते.

१६९९ त पेन दुसऱ्यांदा आला, १७०१ सालीं त्यानें कोनेस्टोगा येथील लोकांशीं लेखी तह केला, प्रजेस हक्कांची नवी सनद दिली, आणि परत गेला तो कायमचा. व्यवहारांत तो भोळा. कारभाऱ्यानें पुढें ठेवलेले कागद न वाचतां तो सह्या करी; त्या कारभाऱ्याच्या वारसांनीं सगळा प्रांतच आपला म्हणून दावा लाविला, आणि १७०८ मध्यें तीन हजार मैल लांबच्या अरण्याचा हा धनी कर्जासाठीं लंडनच्या कैदखान्यांत बसला. १७१२ त त्याला अर्धांगवायूचा झटका आला. स्मृति गेली, पण स्वभावांतील गोडवा गेला नाहीं, असें त्यास भेटणारे सांगत. ३० जुलै १७१८ रोजीं तो वारला. जॉर्डन्स येथील लहानशा उपासनागृहाजवळ त्याची कबर आहे.

खरी परीक्षा यानंतर झाली. टॉमस व जॉन हे त्याचे पुत्र मालक झाले. त्यांना जमीन विकून कर्ज फेडावयाचें होतें. त्यांनीं एक जुना कागद पुढें केला: दीड दिवसांत मनुष्य चालेल तितकी भूमि लेनापेंनीं विकली आहे! लेनापेंना वाटलें, चालणें म्हणजे वाटेंत बसत, जेवत, विडी ओढीत चालणें. पेनपुत्रांनीं आधींच झाडी तोडून वाट केली, तिघे निवडक धांवपटू भाड्यानें आणले, आणि सप्टेंबर १७३७ मध्यें त्यांपैकीं एकानें दीड दिवसांत साठ मैलांहून अधिक पल्ला गांठला. सुमारें १,२०० चौरस मैल भूमि एका पोरखेळांत गेली. या कारस्थानांत पेनचा जुना विश्वासू चिटणीस जेम्स लोगन हाही होता. लेनापे रडले, भांडले, आणि घरेंदारें सोडून पश्चिमेस गेले. अठरा वर्षांनीं, १७५५ त, फ्रेंचांशीं युद्ध पेटलें तेव्हां ते परत आले, पण हातांत कुऱ्हाडी घेऊन.

प्रांतानें १७५६ त युद्ध पुकारलें, शत्रूच्या शिरांस बक्षिसें लाविलीं. कायदेमंडळांतील कांहीं क्वेकरांनीं राजीनामे दिले. पण राजीनामा देऊन स्वस्थ बसणें हें त्यांना पुरेसें वाटलें नाहीं, आणि पेनचा खरा वारसा आम्हांस येथें दिसतो. इस्राएल पेंबर्टन नांवाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें त्यांनीं शांततेच्या मार्गानें सलोखा परत आणण्यासाठीं एक मंडळी काढली, वर्गणी जमविली, ईस्टन गांवीं लेनापेंचा पुढारी टीडियसकंग याला भर सभेंत आपलें गाऱ्हाणें मांडतां यावें म्हणून त्याची पाठ राखली. मालकांना याचा फार राग आला; ज्यांनीं फसविलें त्यांना फसवणुकीची चौकशी कधींच आवडत नाहीं. १७५८ च्या उन्हाळ्यांत फ्रेडरिक पोस्ट नांवाचा मोरेव्हियन मिशनरी निःशस्त्र असा शत्रूच्या मुलखांत, फ्रेंच किल्ल्याच्या तोंडाशीं, शांततेचा निरोप घेऊन गेला. त्याच ऑक्टोबरांत ईस्टनचा तह झाला, लढणाऱ्या जमाती फ्रेंचांपासून दूर झाल्या, आणि पुढच्याच महिन्यांत फ्रेंचांनीं आपला किल्ला स्वतःच जाळून पळ काढला.

तरी द्वेषाचें बीं एकदां पेरलें म्हणजे तें सहजासहजीं उपटून निघत नाहीं. डिसेंबर १७६३ मध्यें सरहद्दीवरील पॅक्सटनच्या सशस्त्र टोळीनें कोनेस्टोगा येथील वीस निरुपद्रवी मूळ रहिवाशांची, त्यांत बायका व मुलेंही होतीं, दोन हल्ल्यांत कत्तल केली. जळालेल्या झोपड्यांची पाहणी करतांना एका पिशवींत मण्यांचे दोन पट्टे व कांहीं कागद सांपडले. त्यांत पेननें १७०१ सालीं करून दिलेला तह होता. बासष्ट वर्षें त्यांनीं तो जपून ठेविला होता.

शॅकामॅक्सनचा वृक्ष १८१० सालच्या वादळांत पडला. त्याच्या लांकडाच्या पेट्या व फुलदाण्या करून लोकांनीं घरोघर नेल्या. त्या जागीं आतां नदीकांठीं एक बाग आहे. १८५७ त पेनच्या पणतवानें वाडवडिलांपासून चालत आलेला मण्यांचा एक पट्टा फिलाडेल्फिया येथील इतिहास-मंडळास दिला. लेनापेंनीं तहाच्या वेळीं दिलेला तो हाच, असें मानतात. पांढऱ्या मण्यांवर काळसर मण्यांनीं दोन माणसें काढलीं आहेत. त्यांनीं एकमेकांचे हात धरले आहेत, आणि त्यांपैकीं एकाच्या डोक्यावर टोपी आहे.